डावी ओढ

नोव्हेंबरपासून गाडी डावीकडे ओढत होती.
कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं?
स्टिअरिंगवरची खूण एकच्या आकड्यावर धरली
की गाडी बाराच्या दिशेने नीट जायची.
हाताने हा हिशेब पाठ करून टाकला,
मला न विचारता.

हॅलिफॅक्स म्हणजे नुसते चढ आणि दगडी भिंती.
पहाटे सहाला मिसेस थ्वेट यांचं इन्सुलिन,
मग आर्थर, अर्धांगानंतर खुर्चीत डावीकडे कलणारे,
त्यांच्या कुशीला उशी लावायची, पायाची पट्टी बदलायची,
मग वर, मेंढ्यांच्या कुरणांमधून,
जिथे रस्ता एकाच गाडीपुरता उरतो.

जानेवारीत स्टिअरिंग जड झालं.
पार्किंगमध्ये वळवताना जातं ओढावं तसं,
दोन्ही हात, खांदा, दातसुद्धा.
बॉनेटखालून कण्हणं यायचं. मी रेडिओ मोठा केला.
मी, जी घरोघरी बजावत फिरते,
दुखणं अंगावर काढू नका म्हणून.

मग एका गोठलेल्या वळणावर
डावा आरसा भिंतीपाशी राहिला.

ऑल्ड्रॉइडचं गॅरेज कालव्याकाठी.
कानावर पेन्सिल, बोटांच्या रेषांत काळं ग्रीस.
विचारतो: कधी कण्हते? उभी असताना की धावताना?
थंडीत जास्त? वळतानाच, की सरळ जातानाही?
उत्तरं देताना मला लाज वाटत होती.
माझेच प्रश्न होते ते.

आधी हवा. पुढच्या डाव्या टायरात अठरा,
उजव्यात बत्तीस.
"निम्मी दुखणी इथंच संपतात, बाई. तुझं नाही."
मग तेल. डबी तळाला गेलेली,
नळीच्या सांध्याशी तांबूस ओल.
"नुसतं ओतत राहू नकोस. गळतं कुठं ते बघ."
पट्टा सैल, झिजून चकाकणारा. तो काढून फेकला.
गाडी वर चढवली, चाक दोन हातांत धरून हलवलं.
टक्.
पुन्हा टक्.
टाय-रॉडचं टोक. लिंबाएवढी गोळी,
वरचं रबर फाटून आत रेती आणि रस्त्यावरचं मीठ.
"हे चढावर सुटलं असतं तर," तो म्हणाला,
आणि पुढचं वाक्य चहाबरोबर प्यायला.

राहता राहिली पुढची दोन चाकं,
जावांसारखी तोंडं फिरवून बसलेली,
कुठल्याशा खड्ड्याने लावून दिलेलं भांडण.
किरणांनी मोजून, अर्धा-अर्धा आटा फिरवत
त्याने दोघींना समोर बघायला लावलं.
"तरी जराशी डावीकडे जाईल हं.
ते गाडीचं नव्हे. रस्त्यालाच उतार असतो,
पाणी वाहून जावं म्हणून."

दोनशे बारा पौंड. पावतीवर त्याच्या अंगठ्याचा ठसा.

बाहेर पडले, आणि मोकळ्या, सरळ रस्त्यावर
गाडी निघाली उजवीकडे, थेट पांढऱ्या रेषेकडे.
समोरून बस, लांबलचक हॉर्न.
गाडीत काहीच बिघाड नव्हता.
माझा हातच अजून
फेब्रुवारीतली गाडी चालवत होता.

आठवडा झाला त्याला.
आज आर्थरच्या कुशीला उशी लावायला वाकले
तर म्हणाले, थांब, आज नको.
बसतो तसाच. बघू किती कलतो ते.

मी उशी हातात धरून उभी राहिले.