पत्ते

पाणी पाचव्या दिवशी येणार होतं, दुपारी चारला,
म्हणून बैठक दोनलाच लावली.
साखर पेठेत, वाचनालयाच्या माडीवर, तापल्या पत्र्याखाली
एकोणीस सभासद
आणि एक पंखा, जो फक्त अध्यक्षांना ओळखतो.

विषय पहिला : संगणक.
देणगीदार देतो म्हणाले, छपाईयंत्रासकट.
अट लहानशी,
कोण काय वाचतं त्याची यादी
महिन्याच्या महिन्याला त्यांच्या कचेरीत पोचावी.
पेठेची आवडनिवड कळेल म्हणे.

हत्तरेअण्णा म्हणाले, लपवायचंय काय आपल्याला?
मी आपला पंचांग नेतो आणि फुलझाडांची निगा.
सगळे हसले. मीही हसले,
इतिवृत्तात ते लिहिलं नाही.

मग राजमल्लू चिप्पा उठले.
चाळीस वर्षं मागावर, एका कानाने आता ऐकू येत नाही,
म्हणून जरा मोठ्यानेच बोलतात :
जेकार्डाचे पत्ते बघितलेत ना, भोकाभोकांचे?
चादर दाखवू नका मला.
नुसती पत्त्यांची माळ द्या हातात,
बोटं फिरवून सांगतो
मोर आहे का कमळ,
आणि मोर असेल तर शेपूट कुठल्या पत्त्याला सुरू होतं.
एक भोक म्हणजे काहीच नाही ओ.
ओळीने लागली की माणूस दिसतो.

मोर म्हणायचं होतं त्यांना. माणूस म्हणाले.
कुणी दुरुस्त केलं नाही.

मला बसवेना.
एकवीस वर्षं मी इथल्या नोंदी ठेवते
आणि एका नोंदीबद्दल कधीच बोलले नव्हते.
असाच उन्हाळा. एक भाऊ आला,
चप्पल बाहेर काढून, अदबीने :
बहिणीच्या नावावर पुस्तक राहिलंय का, दंड भरतो.
मी वही उघडली.
त्याला सोयीचं पडावं म्हणून त्याच्याकडे वळवलीसुद्धा.
शिवणकाम. शिवणकाम. एक कादंबरी.
आणि चौथ्या ओळीत माझ्याच वळणदार अक्षरात
घटस्फोटाचा कायदा, सोप्या भाषेत.

त्याने पावणेतीन रुपये दिले, पावती मागून घेतली.
पुस्तक आठवड्याने कुठल्याशा पोराच्या हाती परत आलं.
एकसष्टाव्या पानावर खुणेला
विडीचं पान, टेंभुर्णीचं, कात्रीने नीट कापलेलं.
ती नाही आली.
तिचं नाव विचारू नका.
न सांगणं मी फार उशिरा शिकले.

खाली कुणीतरी हंडा आपटला.

मग ठरावाचं घोडं : पुस्तक परत आलं की नाव खोडायचं.
आणि हरवलं तर? हरवलं तर परत आलं नाही, म्हणजे नाव राहील.
आणि पोलीस आले तर? आले तर खुर्ची द्यावी,
वहीत जेवढं आहे तेवढं दाखवावं.
म्हणून वहीत थोडं असावं.

मुमताज नदाफ, अकरावीतली, सगळ्यांत लहान सभासद,
भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली,
आपण चांगले आहोत, ठीक.
पण या खुर्चीत पुढे कोण बसेल
ते आपल्याला कुठे माहीत आहे?
असं करा, की तो वाईट निघाला
तरी त्याला काही सापडू नये.

अध्यक्षांनी पंखा तिच्याकडे फिरवला.
बाजूने चौदा. विरोधात तीन.
दोघे नळावर गेलेले.

देणगीदाराला पत्र मीच लिहिलं,
आभार मानून, नको म्हणून.
संगणकासाठी आता शेंगाचटणीच्या पुड्या विकायच्या,
कधी होईल ते सिद्धरामेश्वराला ठाऊक.

पाणी चारला आलं. जास्तीची एक बादली भरली
आणि जुन्या वह्या तिच्यात बुडवल्या.
शाई लगेच सुटत नाही. दाबून धरावं लागतं.

हत्तरेअण्णा जिन्यावर घुटमळत होते.
विरोधात त्यांचाच हात पहिला होता.
खाली आले, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले,
बाई, मागच्या वर्षीचंही जातं का यात?

सगळं, मी म्हटलं.

त्यांनी बाह्या दुमडल्या.