झुकतं माप

डुलुथला शुक्रवारी रात्री उणे बावीस.
तळघरात बॉयलर कण्हतोय,
टेबलावर चिकटपट्टीने जोडलेला नकाशा,
आणि मी, सात वर्षं या जगाचा कारभारी,
पुठ्ठ्याच्या आडोशाला
पेन्सिलीने ड्रॅगनचा जीव लिहितो: चारशे ऐंशी.
खोडतो. सहाशे दहा.

पहिल्या पातळीवर सोपं होतं.
एक मशाल, चार उंदीर.
पाहुआची जादूगारीण दिवसातून एकदा ठिणगी पाडायची
आणि ट्रूमनच्या पाठीमागे दडायची.
तेव्हा त्याची ढाल म्हणजे घराचं दार.

आता अठरावी.
पाहुआ काळ थांबवते.
थांबलेल्या काळात उल्का बोलावते, भिंत उभारते,
स्वतःची दुसरी प्रत काढून तिच्याशी सल्लामसलत करते.
चाळीस मिनिटं वहीची पानं उलटतात.
नियमाबाहेरचं काहीच नाही, हीच तर अडचण.
मग ट्रूमनची पाळी.
"मारतो," तो म्हणतो.
"परत मारतो."

दिवसभर तो बर्फाचा ट्रक चालवतो.
रस्ता काळा करतो, तासाभरात तो पांढरा.
त्याबद्दल कधी बोलत नाही.

मी काय काय नाही केलं.
मंत्र न चालणारी गुहा खणली:
पाहुआ रात्रभर पिस्ते सोलत बसली.
ट्रूमनला पेटती तलवार दिली:
उलटीसुलटी करून म्हणाला, "म्हणजे हीसुद्धा जादूच."

त्या रात्री उल्का पडल्या, डेल्फिनने दोघांना मरणातून ओढलं,
आणि शेवटी ट्रूमन. चार वार.
मी पुठ्ठ्याआड बेरीज केली,
पेन्सिल आडवी ठेवली
आणि म्हणालो, "पडला! तुझ्या हातून पडला!"
टाळ्या. डेल्फिन तर खुर्चीवर चढली.

बाहेर तो काचेवरचा बर्फ खरवडत होता.
"अकरा उरले होते," म्हणाला.
"काय?"
"जीव. तुझ्या पुठ्ठ्याला भोक आहे, तीन वर्षं झाली."
खरवड, खरवड.
"पाहुआला कधी अकरा सोडलेस?"

ट्रकचे लाल दिवे वळणावर गेले तरी
मी टोपीशिवाय उभा.
तराजू सारखा करायला निघालो होतो
आणि पारड्यावर हळूच अंगठा ठेवला होता,
तोही त्याच्याच बाजूने,
जसं लहान मुलाशी पळताना आपण मागे राहतो.

पुढच्या शुक्रवारी
मेलेल्या ड्रॅगनने एक डोळा उघडला.
पाहुआने वही ओढली.
"थांब," ट्रूमन म्हणाला.
मी पुठ्ठा आडवा पाडला, सगळ्यांसमोर लिहिलं: अकरा.

वीस बाजूंचा फासा घरंगळला,
पिस्त्यांच्या बशीला आपटला.
तीन.
हुकलं, साफ हुकलं,
आणि ट्रूमन असा हसला
की वरून जिन्यात येऊन माझ्या बायकोने विचारलं,
कोण जिंकलं?