अठरा बाय बावन्न

मंगळवार पेठेतला प्लॉट. अठरा फूट रुंद, बावन्न फूट खोल.
डावीकडं तालीम, उजवीकडं पिठाची गिरण,
मागं तिबिल्यांचं स्वयंपाकघर,
आणि पुढं बोळ असा, की धारेची म्हैस आडवी थांबली
तर रिक्षानं मागं सरायचं, हा कायदा.

सुगंधाताई सीपीआरमध्ये नर्स. कायमच्या रात्रपाळीला.
सकाळी घरी येतात, केस धुतात,
आणि अख्खी पेठ जागी असताना झोपायला बघतात.
म्हणाल्या, "घर असं काढा, की मी कुणाला दिसू नये.
पण बंद खोली नको.
खिडकी लावून झोपले की वॉर्डामागची ती खोली आठवते.
गार. दिवा चालू."

मी टेप गुंडाळत राहिले.
अठरा फुटांत ही दोन्ही?
"एवढं सोपं असतं तर गवंड्यालाच सांगितलं असतं की."

मग तीन सकाळी रिकाम्या जोत्यावर बसून
मी खिडक्या मोजल्या. अकरा.
एकीत दाढी करणारा माणूस, आरशातून माझ्यावर लक्ष ठेवून.
एकीत नुसतीच वाळत घातलेली शाळेची चड्डी.
नवव्या खिडकीतून चहा आला, बशीनं झाकलेला.
तेव्हा कळलं, यातली एकही बुजवायची नाही.
नजरा फक्त जरा वळवायच्या,
दारं धरणारा उसातलं पाणी वळवतो
तशा, पायानं, एक ढेकूळ इकडचं तिकडं करून.

मधोमध अंगण काढलं, दहा बाय बारा. वर काही नाही.
बोळाच्या अंगाला विटांची जाळी, प्रत्येक वीट तिरकी:
आतून म्हैस दिसेल,
बाहेरून वीट.

नदाफ मिस्त्रींनी दोन थर लावले, मागं सरून बघितलं.
"मॅडम, भिंत रुसल्यागत दिसतीया."
रुसू दे.
तोंड तेवढं फिरवायला नको.

मागची भिंत दहा फुटांची होती. ताईंनी नकाशावर बोट ठेवलं.
"हिच्यानं तिबिलेवैनींच्या ओट्यावरचं ऊन जाईल."
म्हटलं, कमी केली तर त्यांना तुमचं अंगण दिसेल.
"दिसू दे की.
कांदा चिरताना डोळं कुणाचं उघडं असतंय?"

भिंत सातावर आली, तीही वरून उतरती.
महापालिकेच्या साहेबांना तो उतार पटला नाही.
याला भिंत लिहायचं का कंपाउंड?
दाखला अजून त्यांच्याच टेबलावर आहे.

परवा दहाच्या सुमाराला गेले. दार नुसतं लोटलेलं.
गिरण चालू, तालमीत कुणी जोर मारतंय त्याचे हुंकार,
आणि अंगणात खाटेवर ताई, गाढ,
केस खाटेच्या कडेवरून खाली सोडलेले,
टोकांखाली कडप्प्यावर बशीएवढी ओल.
मी ओट्यापाशी उभी राहिले. भांड्याला हात लावायची सोय नव्हती.

तेवढ्यात वरून फुटबॉल.
कुंडीला लागून खाटेखाली.
बाहेर एकदम चिडीचूप.
पेठेतली पोरं गप्प झाली, म्हणजे काहीतरी फुटलंय
किंवा कुणीतरी उठलंय.

ताईंनी डोळे न उघडता हात खाली घातला,
चाचपला, उठून बसल्या,
आणि गोलकीपरनं फेकावा तसा फेकला, जाळीवरून.
"मॅच कुठं हाय रे?"
"शाहूला, मावशी! चारला!"
"मग तीनला हाक मारा मला."

परत आडव्या.
मीही दार लोटूनच बाहेर आले.