काटा

जिनिंगच्या काट्यावर बसतो. वीस वर्षं.
भरली गाडी घेतो, मग रिकामी,
वजाबाकी करून पावती फाडतो.

गाड्या नसल्या की हमालांची पोरं ओरडायची,
"नाल्हेभाऊ, आता तुम्ही चढा!"
एकशे अडतीस.
हसण्यात माझाच आवाज मोठा.

नागपूरला पोट कापून
अंड्याएवढं ठेवलं.
वर्षात ब्याऐंशी.
जुन्या बनियनचे शालूनं
उशीला दोन अभ्रे शिवले.

गुडघे मात्र
जुनंच वजन उचलत राहिले.
मेडिकलवाला प्रफुल्ल चिठ्ठी न मागता गोळ्या द्यायचा.
आणि खर्रा –
तो कुठं पोटात जाते, गालातच तर राहते,
असं मीच मला समजावलं.

मग एका रात्री, जिथं शिवलं होतं
नेमकं तिथंच,
पऱ्हाटी कापलेल्या वावरात
अनवाणी पाय पडावा तसं.
सकाळी संडासात डांबर.
बादलीभर पाणी ओतलं, बोललो नाही.

दुर्बिणीच्या पडद्यावर गुलाबी भिंत,
जोडावर पांढरा खड्डा.
"दुखण्याच्या गोळ्या खाता? तंबाखू?"
"नाही जी."

शालूनं पिशवी उघडली.
रिकामी पाकिटं, खर्र्याच्या पन्न्या
टेबलावर एकेक ठेवत गेली,
मापं ठेवावीत तशी.
डॉक्टरीणबाई मोजत होत्या की काय, कोण जाणे.

आता दुधात कुस्करलेली भाकर,
उपाशीपोटी कॅप्सूल.

कापसाला पाणी मारून आणणारा
मी हात न लावता ओळखतो.
काल एकाला धरलं.
"नाही जी," म्हणाला.
त्याच्याकडं पाहत राहिलो,
मागं गाड्यांची रांग लागली तरी.