वजनमापे

माझे बाबा, शांतवन पारधे,
वजनमापे निरीक्षक. एकोणतीस वर्षं
इतवारीतल्या एकाही काट्यावर
त्यांनी विश्वास ठेवला नाही.
पारड्याच्या पोटाला चिकटवलेली चिंच शोधली,
किलोच्या बुडातलं काढून घेतलेलं शिसं शोधलं,
दुकानदार गोड बोलला
की त्याचं माप दोनदा तपासलं.

घरी कपाटात एक लाकडी पेटी.
आत हिरव्या मखमलीत पितळी वजनं,
चिमट्यानंच उचलायची.
बोटाच्या घामालाही वजन असतं, म्हणायचे,
आणि नागपूरच्या मे महिन्यात तर जास्तच.

रविवारी हाच माणूस
सदरच्या देवळात तिसऱ्या बाकावर
डोळे मिटून बसायचा.

मिरचीचा ठोक व्यापारी झुंबरलाल एकदा म्हणाला,
"साहेब, आमचा पाव किलो तुम्हाले पटत नाही,
अन् तुमचा येशू कोन्या काट्यावर तोलला जी?"
बाबा पावती फाडत होते.
फाडत राहिले.
दंड रुपये दोनशे.

कॉलेजात गेल्यावर
मी त्यांच्या वतीनं उत्तर शोधून आणलं:
ही पेटी ऑफिसातल्या पेटीशी ताडतात,
ती मुंबईच्या, मुंबईची दिल्लीच्या,
आणि दिल्लीची पार पॅरिसजवळ
काचेच्या घंटेखाली जपलेल्या एका ठोकळ्याशी.
तो तुम्ही पाहिलाय? नाही ना?
मला वाटलं, जिंकलो आपण.
बाबांनी पोह्यांवर आणखी थोडी तर्री घेतली.
"तिथून दाखला येतो," म्हणाले, "सहीशिक्क्याचा.
इथून काही येत नाही."

आई गेली त्या उन्हाळ्यात
वॉर्डातल्या काट्यावर ती अडतीस भरली.
बाबांनी वाकून पाहिलं,
रिकामा काटाच शून्याच्या पुढे उभा होता.
स्क्रू फिरवला. सदतीस.
नर्स म्हणाली, काका, एका किलोनं काय होतंय?
रात्री पाळक आले, मंडळीतल्या बायका आल्या,
कूलरच्या घरघरीत आमेन नीट ऐकू येईना.
बुधवारी छत्तीस.
शुक्रवारी कोणी मोजलं नाही.

मी देवळात जाणं सोडलं.
ते गेले. त्याच बाकावर,
पण आईची जागा राखून नाही ठेवली.
सरकून बसले,
बारसागडेबाईंच्या नातवाला पाय पसरता यावेत म्हणून.

पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे चारला
स्कूटर मी काढते. त्यांना रात्रीचं दिसत नाही आता.
जरीपटक्याच्या कबरस्तानात मेणबत्त्या,
कुणाच्या तरी थर्मासातला फार गोड चहा,
दूर मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळताना.
दगडावर आईच्या नावातला 'णा' जरा वर गेलाय.
सगुणा.
दरवर्षी ते बोटानं तो चाचपून बघतात.

यंदा मी विचारलं,
ती आहे कुठेतरी, असं जाणवतं तुम्हाला?
"नाही," म्हणाले.
इतक्या लगेच, की मीच दचकले.
कधीच?
"एकदाही नाही."
आणि मेणबत्तीला हाताचा आडोसा करून
चाललेल्या गाण्यात शिरले,
नेहमीसारखे अर्धी पट्टी खाली.

उजाडल्यावर देवळात प्रभुभोजन.
मी दाराशी, हेल्मेट हातात.
रांगेत बाबांनी तळहात पुढे केला, उताणा.
हाच तो हात,
झुंबरलालचं वजन नुसतं झेलून
"दहा ग्रॅम कमी" सांगणारा.
पाळकांनी भाकरीचा तुकडा ठेवला. नखाएवढा.

हात खाली गेला.
किंचित,
भरलेलं पारडं जावं तसा.

किंवा म्हातारपणाचा कंप असेल.
मी दोन्ही लिहून ठेवलंय.