नमुन्याचा तुकडा

पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेला, तळहाताएवढा तुकडा.
आठ महिने.
तीन मिलिमीटर जाड, कढवलेल्या तुपाच्या बेरीचा रंग,
एका कोपऱ्यात कुजलेला,
पण वाकवला तर अजून वाकतो, मोडत नाही.
ट्रेलरचं छप्पर पालथ्या होडीसारखं.
त्याला आतून हीच फळी हवी.

कुडाळात दुकानदाराने सनमायकाचं पुस्तक उलगडलं:
"दिसाक सेमच, मॅडम. आनि धुवूक पन येता."
कणकवलीच्या गिरणीत आईन, किंजळ, फणस.
भुशात उभा माणूस म्हणाला,
"ह्यां हयचां लाकूडच न्हय. ह्यां थंडीतलां झाड."
त्याने तुकडा हुंगला, आणि परत दिला
कुणाच्या तरी आजाराचा कागद द्यावा तसा.

विजयदुर्गाला मोडीत काढलेल्या लाँचची केबिन होती.
दाऊद मुजावरांनी आधी चहा पाजला, मग फळ्या उचकटल्या.
सागवान. जाड. खाऱ्या हवेने फुगलेलं.
"ह्याचा बाक करा," ते म्हणाले, "भिंत नको."
बाक केला. पडवीत आहे. त्यावर कुणी बसत नाही,
वर्तमानपत्रं बसतात.

बाबा हा ट्रेलर जीपला जोडून वेंगुर्ल्याहून निघत.
देवगड, जैतापूर, एकदा थेट हर्णै.
बाजाराच्या दिवशी चष्मे.
मागच्या भिंतीवर तक्ता,
आणि खुर्ची दाराबाहेर, सुंभाने मोजून
बरोबर वीस फुटांवर.
वाचणाऱ्यांना अक्षरं,
न वाचणाऱ्यांना तीन दातांची फणी:
दात कुठे वळलेत ते बोटांनी दाखवायचं.
जाळी विणणारे म्हातारे शेवटच्या ओळीपर्यंत पोचत,
क्षितिजावरचं शीड ओळखणारे डोळे,
आणि हातातल्या सुईत दोरा जात नसे.
बाबा तेव्हा हसत नसत.
पेटी उघडून एक भिंग पुढे करत: आता बघा.

मग शिरोडा. नाबरांच्या किराणा दुकानाचा माळा.
"चहाची खोकी," रामनाथ नाबर शिडी धरून म्हणाले,
"वडलांनी मोडू दिली नाहीत.
पुढे आम्ही मोडायची विसरलो."
कडांना पत्र्याच्या पट्ट्या, आत चंदेरी कागद,
माझ्या वयाइतका अंधार.
पट्टी सोडवली. फळी वाकवली.
वाकली.
पण उजेडात आणली तर पेजेसारखी फिकी.
तुकडा शेजारी धरला: पेज आणि गूळ.
माझा चेहरा बघून नाबर म्हणाले, "घेऊन जा सातही.
रंग जुळला तर पैसे द्या."

बुधाजी मेस्त्री होड्या दुरुस्त करतात, बोलत कमी.
त्यांनी एक फळी आत नेली.
मी बाहेरच थांबले, खुर्चीच्या जागी.
तक्ता मीच उतरवला होता, जानेवारीत.
त्याच्यामागे एक चौकोन निघाला होता, फिकट,
चार कोपऱ्यांना चार भोकं.
मी त्याला डाग समजत होते.
घासून काढायला पॉलिश पेपरही आणला होता.
मेस्त्रींनी फळी त्या चौकोनावर टेकवली
आणि मला तिची कड दिसेना.
वीस फुटांवरून दिसेना.
दहावरून दिसेना.
नाक लावलं, तरी बोट फिरवावं लागलं.

"लाकूड ताच आसा," मेस्त्री म्हणाले.
"ह्येना फकत ऊन बघूक नाय."

रंग लावायचा नाही, असं त्यांनीच ठरवलं.
छपराच्या वळणाला फळ्या बसल्या, ठिगळासारख्या,
गोऱ्या, बावरलेल्या.
पश्चिमेच्या खिडकीचा पडदा मी काढून टाकला.
चौकोन तसाच आहे, उघडा,
तोही आता त्यांच्याबरोबर पिकेल.

नाबरांना पैसे पाठवले.
उलट टपाली पावती आली, निळ्या शाईत, वळणदार:
चहाची खोकी, नग सात.
पैसे पोचले.
रंग येणे बाकी.