डावी कूस

गिस्लँ म्हणतो, घोडा डावीकडे वळत नाही.
तीन आठवडे झाले.
आर्देनच्या या उतारावर ओंडके ओढणं ट्रॅक्टरचं काम नाही,
चाकं रुततात.
इथे पाय लागतात, चार,
आणि चारही मनापासून.

"आजोबांच्या वेळी हाडवैद्य यायचा," तो म्हणाला,
"पिऊन यायचा. तू निदान शुद्धीत आहेस."
टोपी काही काढली नाही.

मी गवताच्या गठ्ठ्यावर चढले.
साडेआठशे किलोंचा तांबूर, अंगातून वाफा,
डोळ्याचा कोपरा माझ्यावर रोखलेला.
आधी नुसते हात ठेवायचे. करायचं काहीच नाही.
हे काहीच न करणं शिकायला
मला दोन वर्षं लागली.
मग कानामागून, मानेच्या पहिल्या मणक्यावरून
खाली खाली यायचं,
अंधारात ओळखीचा जिना उतरावा तसं,
आणि पायरी हवी तिथे पायरी नसली
की पोटात गोळा येतो.
तेराव्या बरगडीपाशी आला.

स्नायू नव्हे, फळी.
कालपरवाची उसण नाही ही, मुरलेली आहे.
ओंडका घसरला होता का, साखळीला हिसका?
"नाही," गिस्लँ म्हणाला.
मग, बऱ्याच वेळाने, "हो. नोव्हेंबरात."

लोकांना वाटतं, कट्‌कन आवाज यायला हवा.
मी दाबलं नाही.
तो जिकडे जात होता तिकडेच त्याच्यासोबत गेले,
उजवीकडे, अजून थोडं उजवीकडे,
रुसलेल्याची बाजू घेत बोलत राहावं
त्याचा त्यालाच कंटाळा येईपर्यंत,
तसं.
छपरावरचं बर्फ थेंबाथेंबाने गळत होतं.
माझा अंगठा ठणकू लागला
(तो रोजच ठणकतो, त्याला कोण बघणार).

मग तांबूरने जांभई दिली.
अख्खा जबडा उघडून, पिवळे दात, जीभ एका बाजूला लोंबती,
एक झाली, दुसरी, पाच झाल्या.
"झोप आली त्याला."
"तसं समजा."

कुत्र्याचं काही ठरलेलं नव्हतं.
फिलू दारात पडला होता.
मी हात धुवायला बादलीकडे गेले तसा उठला:
आधी पुढचे पाय, मग विचार, मग मागचे.
त्या विचारापाशी मी थांबले.
"म्हातारा झालाय. कुत्र्याचे पैसे मी देणार नाही."
मी मागितले नव्हते.

पेंढ्यावर गुडघे टेकले.
कंबर ठीक, माकडहाड ठीक,
मांडीचे सांधे वयाच्या मानाने माझ्यापेक्षा बरे.
मग जांघेच्या आत
बोटं थांबली.
अक्रोडाएवढी. कडक. सरकत नाही.
फिलू गुरगुरला असता तर बरं झालं असतं,
त्याने माझं मनगट चाटलं.

हातांना सगळं कळतं, असं आमच्यातले काही सांगत फिरतात.
माझ्या हातांना एवढंच कळलं
की हे हातांचं काम नाही.
"उद्याच डॉक्टरकडे न्या."
"तूच का नाही..."
"मी नाही."

त्याचा हात धरला, कुऱ्हाडीने घट्टे पडलेला,
आणि तिथे नेऊन ठेवला.
तो ठेवूनच बसला.
टोपी कधी काढली, कळलं नाही,
ती पेंढ्यात उताणी पडली होती.

माझ्या मानेवर ऊन ऊन श्वास आला.
तांबूर पुरी मान वळवून आमच्याकडे बघत होता.
आम्ही त्याच्या डाव्या अंगाला होतो.
गिस्लँने पाहिलं नाही,
मीही दाखवलं नाही.

घोड्याचे सत्तर युरो त्याने मोजून दिले.
वर वीसची एक नोट, ती मी परत केली,
तर आत जाऊन सहा अंडी घेऊन आला
आणि काही न बोलता हातात दिली.

अंडी शेजारच्या सीटवर ठेवली,
त्यांना पट्टा लावला.
अजून एक घोडी बघायची आहे आज, नदीपलीकडे.
अडथळ्यासमोर येऊन थांबते, उडी मारत नाही.
मालकीण फोनवर म्हणाली, हट्टी आहे.